पाटाकडून भट्टीकडे

बारामती-इंदापूरकडच्या बागाईतदाराच्या तोंडी 'ब्लॉक' हा शब्द इतका रुळला आहे, की तो परका आहे असे सांगणाऱ्यालाच तो वेड्यात काढील. पाट, पाटकरी आणि पाण्याची पाळी यांच्या पंगतीला हा ब्लॉक केव्हाच येऊन बसला. तो ज्यांनी आणला ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. कृष्णराजसागर धरण, म्हैसूरची दिवाणगिरी, भारतरत्न, शंभरीपर्यंत गेलेले आयुष्य, हे सारे मुलांना पाठ असते. पण या गृहस्थांची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या नोकरीत गेली, आणि त्यांतली काही आमच्या नीरेच्या कालव्यावर गेली, हे आम्ही मास्तर मंडळीही वर्गात सांगायला विसरतो. त्याहूनही एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. साठी उलटल्यावर या नामांकित सल्लागाराने एका बुडत्या कारखान्याचे काम अंगावर घेतले. मला त्यांच्या चरित्रातले हेच प्रकरण सर्वांत मोठे वाटते. मात्र ते समजायला आधी नीरेच्या पाटावर यावे लागते.

मोरोपंतांनी जेथे आर्या रचल्या त्या बारामतीच्या आसपासचा आणि खाली इंदापूरपर्यंतचा हा मुलूख कायमचा अवर्षणाचा. १८७६-७७ च्या दुष्काळाने तो होरपळला, तेव्हा नीरेच्या डाव्या कालव्याचे काम निघाले. १८८५ च्या सुमारास कालवा वाहू लागला. पुढे भाटघरचे धरण त्याच्या पाठीशी उभे राहिले. पण पाणी आले म्हणजे सुख आले असे नव्हे. पाऊस बरा झाला की पाटाकडे कोणी फिरकेना, आणि पाऊस रुसला की सगळेच धावत येत. ज्याच्या गाठीला भांडवल तो उसाला वाटेल तितके पाणी पाजी. शेजारची जमीन चिघळे, हिवताप पसरे, आणि शेवटाकडचा शेतकरी कोरड्या चारीकडे बघत बसे.

विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे विद्यार्थी. १८८३ साली इंजिनियरिंगच्या परीक्षेत पहिले आले, पुढच्याच वर्षी सरकारी नोकरीत शिरले, आणि नाशिक, खानदेश, सक्कर, सुरत असे फिरत १८९९ मध्ये पुण्याकडच्या पाटबंधाऱ्यांचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर झाले. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी बसविलेल्या स्वयंचलित दारांचे कौतुक पुष्कळ झाले. नीरेवरची त्यांची कल्पना दिसायला साधी होती. भिजणाऱ्या जमिनीचे गट, म्हणजे ब्लॉक, पाडावेत; गटाच्या एका तृतीयांशात ऊस, एका तृतीयांशात भात आणि उरलेल्यात थोड्या पाण्यावर येणारी पिके घ्यावीत; मग आळीपाळीने फेरपालट करावी. पाणी एका गावात मुरण्याऐवजी अनेक गावांत वाटले जावे, हा हेतू.

शेतकऱ्यांना ती पचली नाही. माझ्या रानात मी काय लावायचे ते साहेबाने का ठरवावे? प्रश्न रास्तच होता, आणि आजही कोणी विचारला तर मी त्याला गैर म्हणणार नाही. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांना भेटून हिशेब समजावून दिला, तेव्हा कुरकुर ओसरली. ब्लॉक दख्खनच्या कालव्यांवर रुजला, आणि त्यांची पुढे बदली-बढती झाली. १९१० साली डॉ. हॅरोल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी नीरेच्या खोऱ्यातल्या क्षारजमिनींवर सरकारी पुस्तिका काढली. बागाईताने किती जमीन पांढरी पडली ते तीत आहे. याचा दोष ब्लॉकच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, ती पद्धत तर पाण्याचा अतिरेक रोखण्यासाठीच होती. पण योजना आखणारा बदलून जातो, चोपण झालेली जमीन बदलून जात नाही. ती ज्याच्या नावावर असते त्याच्याच गळ्यात राहते.

पुढचा प्रवास झपाट्याचा. चीफ इंजिनियरची जागा त्या काळी हिंदी माणसाला मिळणे नव्हते. ते ओळखून विश्वेश्वरय्यांनी पंचवीस वर्षे भरण्यापूर्वीच निवृत्ती मागितली. परदेशच्या प्रवासात असतानाच १९०८ च्या मुसा नदीच्या महापुराने हैदराबाद वाहून गेल्याची वार्ता आली आणि निजाम सरकारने सल्लागार इंजिनियर म्हणून बोलावले. तेथून १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे चीफ इंजिनियर झाले, आणि १९१२ ते १९१८ दिवाण. दिवाणगिरी सोडल्यावर समित्यांची अध्यक्षपदे आणि ठिकठिकाणच्या योजनांची तपासणी सुरू झाली. अहवाल लिहावा, मान घ्यावा, गाडी पकडावी. अशा आयुष्यात वाईट काही नाही, आणि कोणी त्यांना नावे ठेवली नसती.

मध्येच भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना आडवा आला. त्याची उभारणी त्यांच्याच दिवाणगिरीत ठरलेली. म्हैसुरात दगडी कोळसा नाही, म्हणून जंगलातल्या लाकडाचा कोळसा करून त्यावर भट्टी चालवायची आणि कोळसा करताना निघणारी रसायनेही विकायची, असा बेत होता. अमेरिकन तज्ज्ञांचा सल्ला घेतला, यंत्रे आली, आणि जानेवारी १९२३ मध्ये भट्टी पेटली. पण योजना आखली तेव्हा महायुद्धामुळे लोखंडाला सोन्याचा भाव होता. भट्टी पेटेपर्यंत तो कोसळला होता. कारखाना तोट्यात रुतला. तो बंद करा, संस्थानाचा पैसा विस्तवात घालू नका, असे सुनावणारे पुष्कळ निघाले, आणि आकडे त्यांच्या बाजूचे होते. तेव्हा संस्थानाने विश्वेश्वरय्यांनाच व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्ष होण्याची गळ घातली. वय साठीच्या पलीकडे. नकार द्यायला निमित्ते हवी तेवढी होती. त्यांनी होकार दिला.

येथे कागदावरची बुद्धी पुरेशी नव्हती. सल्लागाराला भट्टी विझली तर वाईट वाटते. कारखानदाराला दुसऱ्या दिवशी मजुरांचा पगार चुकवायचा असतो. लाकूड वेळेवर आले का, कोळसा ओला आहे का, माल गोदामात किती पडून आहे, अशी क्षुद्र वाटणारी विचारपूस सुरू झाली. बाहेरून आणलेल्या महागड्या तज्ज्ञांच्या जागी हिंदी माणसे तयार केली. नुसते कच्चे लोखंड विकून भागेना, तेव्हा त्याच लोखंडाचे नळ ओतण्याची सोय केली. जादू एकाही गोष्टीत नव्हती. १९२९ मध्ये त्यांनी ते काम सोडले, तेव्हा कारखाना बंद करण्याची भाषा मागे पडली होती. पुढे त्याला त्यांचेच नाव दिले गेले. त्या वर्षांच्या मेहनतान्याची साचलेली रक्कम त्यांनी घरी नेली नाही. ती बंगलोरला मुलांना हातचे धंदे शिकविणारी संस्था काढण्यासाठी लावायला सांगितली. आम्हां शिक्षकांना याचे अप्रूप वाटावे हे साहजिक आहे.

आता पुन्हा नीरेकडे येऊ, कारण गोष्टीचा दुसरा धागा येथेच आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे मुळात कंत्राटदार. भोर घाटातले बोगदे, मुंबईला तानशाचे पाणी नेणारे नळ, अशी कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. कंत्राटदाराचेही सल्लागारासारखेच असते. काम संपले की बराकी मोडायच्या आणि पुढच्या गावी जायचे. १९३२ मध्ये देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा झाला आणि ठिकठिकाणी कारखाने उभे राहिले. त्या लाटेत इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर, नीरेच्या पाण्यावर, वालचंदशेठनी उसाचे मळे आणि साखर कारखाना वसविला. (करंजीत पडणारी पिठीसाखर कोठून येते, हे फराळ करताना मुलांना सांगायला हरकत नाही.)

पुढे हे दोघे एकत्र आले. विश्वेश्वरय्यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत हिंडून हिंदुस्थानात मोटारी बनविण्याची योजना तयार केली होती. पंचाहत्तरीतला माणूस मोटारीच्या कारखान्यासाठी खेटे घालीत होता. वालचंदशेठनी ती योजना उचलून धरली. युद्धकाळात इंग्रज सरकारने हात आखडला; तरी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी निघाली आणि १९४७ मध्ये मुंबईजवळ कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली मोटार बाहेर पडली. वालचंदशेठ १९५३ मध्ये गेले; विश्वेश्वरय्या १९६२ मध्ये.

कळंबच्या बराकी मात्र मोडल्या नाहीत. वस्तीचे वालचंदनगर झाले. साखर करणारे हात पुढे साखरेची यंत्रे बनवू लागले, मग सिमेंटची; आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भागही नीरेकाठच्या त्याच कारखान्यात घडले.