मार्कशीटवरचं नाव

परवा कपाट आवरताना इंजिनिअरिंगच्या मार्कशीट सापडल्या. प्रत्येकीवर ठळक अक्षरांत : संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. १९८३ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला हे नाव २००५ साली मिळालं. पण तो माणूस आम्हाला खराट्यापुरताच माहीत!

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील दारूच्या आहारी गेले आणि त्यातच १८८४ साली वारले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी आली, अकोल्याकडे, मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला. मामाची गुरं राखत, शेतात राबत पोरगा वाढला. शाळा नाहीच.

खरी गोष्ट पुढेच आहे. डेबूजीचं लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची, ही रीत. ह्याने गोडाचं जेवण वाढलं. लोक नाराज झाले, तरी हा बधला नाही. बापाची दारू बघितलेला मुलगा स्वतः प्याला नाही, हे समजू शकतं. पण भर पंगतीत, सगळ्या जातीसमोर रीत मोडायची? त्याला जिगर लागते.

आमच्या होस्टेलवर दर शनिवारी अशीच पंगत बसायची. माझ्या रूम पार्टनरचे वडील रोज प्यायचे. हा घरी फोन करायचा तो संध्याकाळी सातच्या आत. नंतर वडील शुद्धीत नसत. प्लेसमेंटच्या पार्टीत तो "नको" म्हणत होता. "एका पेगनं काय होते बे?" हे वाक्य माझं. महाराष्ट्रात दारूसाठी वय पंचवीस लागतं, आम्ही एकवीसचे. पण बघतो कोण?

आई-वडिलांना व्यसन असलं की मुलांना धोका जास्त, आणि त्यात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा, हे मी नंतर वाचलं. उरलेला निम्मा? त्यात आमच्यासारखे ग्लास भरणारे मित्रही आलेच.

गाडगे बाबांनी १९०५ साली घर सोडलं. दारू पिऊ नका, कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, हे गावोगाव कीर्तनांतून सांगत राहिले. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला गेले.

मित्राची पुढची काही वर्षं वाईट गेली. आता तो पीत नाही. त्यात माझं काही श्रेय नाही. रविवारी फोन करून म्हटलं, ते वाक्य माझं होतं रे.

"आठवते मले," एवढंच म्हणाला.