केडगावचं बायबल

पुण्यात क्वार्टर गेटजवळच्या आमच्या घरात आजीचा हट्ट एकच: रोजच्या वाचनाला केडगावचं बायबल, म्हणजे पंडिता रमाबाईंनी केलेला मराठी अनुवाद, हवं. रमाबाई संस्कृतच्या जाडजूड विद्वत्तेत वाढलेल्या, तरी खेड्यातल्या बाईला उमगेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. त्यासाठी त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं खपल्या. खिळे जुळवायला, छापायला त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्याच बाया! रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. भक्तीसाठी आजी ना. वा. टिळकांचे अभंग म्हणे. टिळकांनी सुरू केलेलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य मात्र तिला लांबलचक वाटे (मला नाही). आता टिपांनी गच्च भरलेली अभ्यासाची बायबलं मिळतात. घ्या खुशाल, पण आधी मूळ मजकूर वाचा, टीप नंतर.