तळ्यांचे कोल्हापूर

कोल्हापूर पंचगंगेच्या काठी वसले आहे, तरी जुने गाव केवळ नदीच्या पाण्यावर कधीच जगले नाही. सर्वांत जुनी वस्ती नदीलगत, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर होती. १९४५-४६ साली तिथे झालेल्या उत्खननात सातवाहन काळातल्या घरांचे अवशेष मिळाले. याच टेकाडावर सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आज टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे अंबाबाईच्या देवळाभोवती गाव वाढले ते नदीपासून आत, चढावर. तिथे रोजचे पाणी तळ्यांनी पुरवले.

या तळ्यांची नावे जुन्या कोल्हापूरकराच्या तोंडी अजून असतात: रंकाळा, पद्माळा, सिद्धाळा, कोटीतीर्थ, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर. करवीर म्हणजेच कोल्हापूर हे तीर्थक्षेत्र, त्यामुळे बहुतेक तळ्यांना तीर्थाचा मान होता आणि काठावर एखादे देऊळ असायचेच. पण स्नानासाठी येणाऱ्या भाविकांपेक्षा त्यांचा खरा उपयोग पेठांना होता. धुणे, जनावरांचे पाणी, आसपासच्या विहिरींचे झरे हे सारे तळ्यांवर चाले. भर पेठेत गोठा बाळगणारा गवळी कोल्हापुरात इतकी वर्षे टिकला, त्यात या पाण्याचा वाटा असणारच. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि गिऱ्हाईक तिथेच फेसाळ पेला रिकामा करते. दिवाळीत शिंगे रंगवलेल्या, मोरपिसे लावलेल्या म्हशी मोटारसायकलमागे धावताना पाहायला गर्दी लोटते, तीही याच गवळ्यांची हौस.

तळ्यांचे दिवस फिरले ते नळाच्या पाण्याने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या दक्षिणेला कळंब्याचा तलाव झाला. तो शहरापेक्षा उंचावर असल्याने तिथले पाणी उतारानेच गावात येई, उपसावे लागत नसे. ते ज्या ठिकाणी साठवून वाटले जाई, त्या भागाला ‘पाण्याचा खजिना’ हे नाव पडले आणि आजही तो पत्ता सांगायला पुरतो. पिण्याचे पाणी घरापाशी आल्यावर पेठांमधली तळी अडचणीची वाटू लागली. त्यांत सांडपाणी जाऊ लागले, गाळ साचला, डास झाले. हळूहळू एकेक तळे बुजवले गेले. शहराला मोकळी जागा हवीच होती. तटाच्या आत दाटीने वाढलेल्या गावात ती दुसरीकडे कुठे मिळणार होती?

त्यामुळे आज कोल्हापूरकर ज्या जागांवर जीव टाकतात, त्यांतल्या बऱ्याच एके काळी पाण्याखाली होत्या. महाद्वार रोडजवळच्या कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई उभी राहिली. तिला आजही कपिलतीर्थ मार्केट म्हणतात आणि ग्रामदैवत मानला जाणारा कपिलेश्वर मेथी-कोथिंबिरीच्या गजबजाटात तिथेच नांदतो. सिद्धाळ्याची बाग झाली. शिवाजी पेठेतले वरुणतीर्थ बुजून गांधी मैदान तयार झाले आणि मोठ्या राजकीय सभा तिथे भरू लागल्या. भोवतालच्या उतारावरचे पाणी मात्र आपली जुनी जागा विसरलेले नाही. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानाचे तळे होते, आणि दर पावसाळ्यात महापालिकेला त्यावरून बोलणी खावी लागतात. खोलगट जागा निवडली की हे आलेच.

सर्वांत रंगतदार कथा रावणेश्वराची आहे. त्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम झाले. रावणेश्वराचे देऊळ शेजारीच आहे. फुटबॉल कोल्हापुरात संस्थानी काळापासून रुजला, पण तो क्लबांचा न होता तालमींचा झाला. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे मुळात पेठेतल्या कुस्तीच्या आखाड्यांची आणि मंडळांची. तालमीच्या लाल मातीत घुमणारी पोरे चेंडूमागे धावू लागली, तेव्हा पेठेची ईर्षाही त्यांच्याबरोबर मैदानात उतरली. सामना संपल्यावर ती पुन्हा पेठेत शिरते आणि कधीकधी पोलिसांनाही बोलवावे लागते. विश्वचषकाच्या काळात इथल्या गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या रंगांनी रंगतात. महाराष्ट्रात इतरत्र क्रिकेटने जे स्थान घेतले, ते इथे फुटबॉलने राखले, याचे श्रेय या तालमींनाच द्यावे लागेल.

स्टेडियमच्या परिसरातच खासबाग मैदान आहे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि तसा आखाडा कोल्हापुरात बांधायचे ठरवले, असे सांगितले जाते. १९१२ मध्ये मैदान पूर्ण झाले. मधोमध हौद्याची माती, भोवती चढत जाणारी गोल बैठक. कुठेही बसले तरी कुस्ती दिसते. शेजारीच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. मल्ल आणि नट यांना एकाच भिंतीचा शेजार देणारे दुसरे संस्थान सापडणे कठीण. १९५७ मध्ये या नाट्यगृहाला ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीचे संस्थापक केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळाले. तेव्हा नाटकाशी फारसा संबंध नसलेली माणसेही धावत आली. कोल्हापूरकराला आपल्या गावाचे वेड किती आहे, हे त्या रात्री दिसले.

रंकाळा मात्र उरला. तो बुजवण्याइतका लहान नव्हता, हे त्याचे नशीब. त्याचा घेर सुमारे साडेचार किलोमीटर आहे. इथे मूळची दगडाची खाण होती, भूकंपात जमीन खचून पाणी वर आले, अशी परंपरागत हकिगत आहे. भूकंपाचे काहीही असो, खाणीची गोष्ट पटण्यासारखी आहे. रंकाळ्याला लागूनच असलेल्या पाण्याने भरलेल्या ‘इराणी खणी’चे नावच तिचे मूळ सांगते. काठावरच्या नंदीबद्दलची समजूत अधिक मजेची: तो दरवर्षी गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी.

तळ्यात उभा असलेला संध्यामठ पाणी उतरले की पायथ्यापर्यंत दिसतो. पश्चिम काठावरचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला. पुढे काही काळ तिथे हॉटेल चालले. राजवाड्यासमोरच्या त्याच पाण्यात पलीकडे शहर कपडे धूत असे, आणि तांबट कमानीकडच्या एका जागेला ‘धुण्याची चावी’ हे नाव त्यातूनच मिळाले. संध्याकाळची भेळ, घोडागाडी, पोरांचे पाळणे यांची चौपाटी नंतरची. आज कोल्हापूरकर पाहुण्याला आधी अंबाबाईला नेतो आणि मग रंकाळ्यावर.

या प्रेमाचा तळ्याला उपयोग झाला आणि त्रासही. भोवती वसाहती वाढल्या, नाल्यांचे सांडपाणी पाण्यात मिसळले, केंदाळ पसरले, शेवाळाने पाणी हिरवेगार झाले. निदर्शने झाली, मोर्चे निघाले. पुढे राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला आणि नाले वळवण्याची कामे हाती घेतली गेली. म्हशी धुण्यावर आणि मूर्ती विसर्जनावर बंधने आली. म्हशींच्या बाबतीत गवळ्यांची कुरकुर झाली, ती अगदीच गैरवाजवी नव्हती; पेठेतली बरीचशी पाणवठ्याची ठिकाणे शहरानेच आधी बुजवली होती.

जुन्या पाण्याकडे पाहण्याची दृष्टी अलीकडे थोडी बदललेली दिसते. अंबाबाईच्या देवळाच्या आवारातले मणिकर्णिका कुंड कित्येक दशके मातीखाली गाडलेले होते आणि त्यावर स्वच्छतागृह उभे होते. ते पाडून कुंड खोदून मोकळे करण्यात आले. पिण्याच्या पाण्यासाठी शहर आता आणखी दूर गेले आहे. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आणण्याची मागणी कित्येक वर्षे होत राहिली आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आले. गणेशोत्सवात पंचगंगा आणि रंकाळा यांवरचा भार कमी करण्यासाठी महापालिका मूर्ती इराणी खणीकडे वळवते. मोठ्या मंडळांच्या मिरवणुकाही आता रात्र सरता सरता तिथेच येऊन थांबतात.