लखनौची गुडिया

श्रावण शुद्ध पंचमीला महाराष्ट्रात घरोघरी नाग पुजला जातो. त्याच दिवशी लखनौत आणि अवधच्या इतर भागांत ‘गुडिया’ नावाचा सण असतो. बहिणींनी जुन्या चिंध्यांच्या बाहुल्या कराव्यात, त्या चव्हाट्यावर किंवा तळ्याकाठी टाकाव्यात आणि भावांनी रंगीत काठ्यांनी त्या बडवाव्यात, असा हा विधी. त्याला पुरोहित लागत नाही की मंत्र लागत नाही. वडीलधारी माणसे मुलीच्या हाती सुई आणि मुलाच्या हाती काठी देतात. एवढ्यानेच तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

नागपूजा या देशात फार जुनी. गृह्यसूत्रांत श्रावणी पौर्णिमेला सर्पबली सांगितला आहे; मथुरेच्या संग्रहालयात कुषाणकालीन नागमूर्ती आहेत. लखनौचे तर शेषाशी विशेष नाते. शेषाचा अवतार मानलेल्या लक्ष्मणाने हे नगर वसविले, अशी आख्यायिका आहे. गोमतीकाठच्या लक्ष्मण टीला या टेकाडावर एक अथांग विवर होते, ते शेषनागापर्यंत पोचते अशा श्रद्धेने लोक त्यात फुले आणि पाणी वाहत, असे अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) यांनी जुन्या लखनौवरील आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

मग नागाच्या दिवशी बाहुलीला मार कशासाठी? एका लोककथेत, शिवभक्त भावाच्या पायांना विळखा घालणारा नाग बहीण भीतीपोटी मारते. त्या पापाची शिक्षा तिच्याऐवजी बाहुलीला. दुसऱ्या कथेत तक्षकाच्या वंशातली कन्या परीक्षिताच्या कुळात सून म्हणून येते. तिचे गुपित बायकांच्या तोंडून नगरभर होते आणि संतापलेला राजा त्यांना फटके मारवितो. दोन्ही कथांत दंड स्त्रीच्याच वाट्याला येतो.

महाराष्ट्रातली कहाणी याच्या उलट आहे. शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिले मरतात. ती सूड उगवते. पण सासरी असलेल्या लेकीची भक्ती पाहून नागीण प्रसन्न होते आणि मृत कुटुंब पुन्हा उठते. येथे लेकच तारणारी. म्हणून या दिवशी नांगरू नये, चिरू नये, असे मुलांना सांगितले जाते. एकाच दिवशी एका घरातले मूल मारायला शिकते, दुसऱ्या घरातले हात आवरायला.

परंपरा म्हणून दोन्ही सारख्याच जुन्या मानल्या, तरी मुलांच्या हाती काय द्यायचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पकडून पूजण्याची प्रथा होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरचे न्यायालयीन निर्बंध यांमुळे तिला आळा बसला. नागावरची श्रद्धा मात्र उणावली नाही. उत्तर प्रदेशातही अलीकडे, गुडियेला मारू नका, झोक्यावर बसवून झुलवा, असे आवाहन होऊ लागले आहे. श्रावणात झोके तेथे बांधलेले असतातच.

या बदलाला जुन्या ग्रंथांचा आधार नाही, असेही नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजय पित्याच्या सूडासाठी सर्पसत्र मांडतो. मोठमोठे ऋषी आहुत्या देत असतात. तक्षक आगीत पडणार, इतक्यात आस्तिक पुढे होतो आणि हा संहार थांबवा, एवढाच वर मागतो. आस्तिक नागकन्येचा मुलगा होता, आणि वयाने बालच होता.