कॉलेज ‘कॉन्फरन्स’ म्हणजे काय? नवा सदस्य कसा निवडतात?

अमेरिकेत शिकणारा भाचा फोनवर सांगतो, ‘आमच्या युनिव्हर्सिटीनं कॉन्फरन्स बदलली.’ इथं बसून त्याचा अर्थ लागत नाही. आपल्याकडे विद्यापीठांच्या स्पर्धा विभागवार होतात. कोल्हापूर पश्चिम विभागात, तर जवळचं बेळगाव दक्षिण विभागात. विभाग निवडायची मुभा विद्यापीठाला नसते. अमेरिकेत ती असते.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. ‘बिग टेन’ हा असा जुना गट १८९६ चा. नाव ‘टेन’, पण २०२४ पासून सदस्य १८! गट मिळून टीव्हीचे हक्क विकतो आणि पैसे सदस्यांत वाटतो. सगळ्यात जास्त पैसा अमेरिकन फुटबॉलमधून येतो.

निवड कशी होते?

निर्णय प्रशिक्षक घेत नाहीत, विद्यापीठांचे प्रमुख मतदान करतात. पहिला प्रश्न सरळ असतो : नवा भिडू आल्यावर आपला वाटा वाढेल की कमी होईल? म्हणून त्याच्या शहरात प्रेक्षक किती, फुटबॉल संघ कसा, हे आधी पाहतात. शैक्षणिक दर्जाही बघितला जातो. गरजू विद्यापीठ कमी वाट्यावरही येतं. टेक्सासमधल्या एसएमयूनं ‘एसीसी’त शिरण्यासाठी ९ वर्षं टीव्हीच्या पैशांवर पाणी सोडलं. स्टॅनफर्ड आणि बर्कलीही तिथं कमी वाट्यावर आले. तरी १५ पैकी ३ सदस्य विरोधात होते. तीन चतुर्थांश मतांची अट जेमतेम पुरी झाली.

पॅक-१२ चं काय झालं?

पश्चिम किनाऱ्यावरच्या या गटाची मुळं १९१५ मधली. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनची वाट धरली. गटाचा टीव्ही करार २०२४ मध्ये संपत होता आणि नवा जमत नव्हता, त्यामुळे इतरांनाही बाहेर पडणं सोपं झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच दिवशी पाच विद्यापीठं फुटली. शेवटी उरली दोनच : ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांचा संघ वाईट म्हणून नव्हे, तर गावं लहान, टीव्हीचे प्रेक्षक कमी, म्हणून कुणी बोलावलं नाही.

पुढं या दोघांनीच गट पुन्हा उभा करायला घेतला. फुटबॉलसाठी किमान ८ सदस्य लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये बोईसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, मग युटा स्टेट आणि २०२५ मध्ये टेक्सास स्टेट असे आठ जमवले. गॉन्झागा बास्केटबॉलसाठी आलं. त्यांच्याकडे फुटबॉल संघच नाही.

भुर्दंड कुणाला?

फुटबॉलचे सामने बहुतेक आठवड्यातून एकच. पण व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलामुलींचे सामने जास्त. लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीतलं रटगर्स सुमारे ३,९०० किलोमीटर, घड्याळात तीन तासांचा फरक. करार फुटबॉलच्या पैशासाठी, पण विमानात बसून अभ्यास करायची पाळी या पोरांवर.

तेव्हा भाच्यानं पुन्हा विषय काढला, तर पैसे किती मिळाले हे विचाराच. पण खेळणाऱ्यांचे वर्ग किती बुडतात, हेही विचारा.