वसती, अवस्थान आणि अकोल्याचे जुने शहर

जुन्या वस्तीतील वाड्याचे हॉटेल व्हावे आणि प्रवाशाने केवळ निवाऱ्यासाठी नव्हे, तर त्या वास्तूच्या वयासाठी तिथे उतरावे, ही कल्पना महाराष्ट्रात आता रुळली आहे. अशा जागेची निवड सजावट, न्याहारी आणि दर पाहून होते. आमच्या मते तिथे आणखी एक प्रश्न विचारायला हवा : ही वास्तू स्वतःविषयी काय सांगते आणि काय गाळते?

मुक्कामाकडे असे पाहणे मराठीला नवे नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी जिथे राहिले वा बसले, त्या जागांची नोंद आहे. दीर्घ मुक्काम ते ‘अवस्थान’, रात्रीपुरता ती ‘वसती’ आणि नुसते बसणे झाले ते ‘आसन’. देवळाचे दार कोणत्या दिशेला, मठ गावाच्या कोणत्या अंगाला, हेही ती सांगते. श्रद्धेपोटी लिहिलेला हा ग्रंथ त्यामुळे स्थळांच्या इतिहासाचेही साधन ठरतो.

अकोल्याच्या जुन्या शहरापुढे प्रश्न वेगळा आहे. मोर्णेच्या पश्चिम तीरावर तटबंदीचे गाव आणि पूर्वेला ताजनापेठ, सरकारी कचेऱ्या व साहेबांची घरे, अशी विभागणी एकोणिसाव्या शतकात झाली. १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेल्या लोहमार्गाचे स्थानकही पूर्वेलाच आले. परगावच्या पाहुण्याला नदी न ओलांडता काम उरकून परतणे तेव्हापासून सोपे झाले. जुने शहर त्याच्या वाटेवरच राहिले नाही.

तिथला असदगड मात्र एका स्वरात बोलत नाही. दहीहंडा वेशीवरील लेख औरंगजेबाच्या कारकिर्दीचा आणि नवाब असदखानाचा निर्देश करतो. ईदगाहीवरील लेखात ख्वाजा अब्दुल लतीफ याचे नाव येते. आगरवेशीवरील मराठी लेख मात्र गोविंद आप्पाजी यांनी १८४३ मध्ये किल्ला बांधला असे म्हणतो. इतर लेखांशी हे जुळत नाही; कदाचित डागडुजीलाच त्याने बांधकाम म्हटले असेल. पुढे १८७० च्या सुमारास इंग्रजांनी किल्ल्याची मोडतोड केली. १९१० च्या गॅझेटियरात, गडाच्या मध्यभागी असलेल्या हवाखान्यात शाळा भरत असल्याची नोंद आढळते.

या हवाखान्याचे हॉटेल झाले असते, तर दर्शनी फलकावर कोणाचे नाव आले असते? नवाबाचे बहुधा आले असते. गोविंद आप्पाजी अडचणीचे ठरले असते आणि पाढे म्हणणारी मुले तर सहज गळली असती. वारसा विकताना एक घराणे आणि एक वैभवकाळ निवडावा लागतो. उरलेले रहिवासी भिंतीच्या रंगाखाली जातात.

म्हणून निवड करायचीच झाली, तर नंतरच्या रहिवाशांनाही नाव देणारी जागा आम्ही निवडू. स्थानपोथीने एका रात्रीच्या वसतीला अवस्थान म्हटले नाही, आणि ती क्षुल्लक मानून गाळलीही नाही. जुन्या वास्तूंविषयी लिहिणाऱ्यांना एवढा काटेकोरपणा पुरेसा आहे.