लाकूड एकाचे, रंग दुसऱ्याचा : सावंतवाडीची भातुकली

१/ सावंतवाडीच्या भातुकलीतील पोळपाट-लाटणे तळहातावर मावते. त्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र लहान नाही : ही वस्तू नेमकी कोणाची निर्मिती?

२/ तिच्यामागे दोन कौशल्ये आहेत. कातारी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वाळवून चरकावर फिरवतो आणि त्याला गोलाई देतो. त्यावर रंग चढवतो तो चितारी. कधी ही दोन्ही कामे एकाच घरात होत. तरी त्यांचे शिक्षण वेगळेच.

३/ लाखकामात ही कौशल्ये एकत्र येतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून तिचा पातळ थर बसतो. गोलाईत दोष असेल, तर रंगही सारखा बसत नाही.

४/ खऱ्या स्वयंपाकघरात रंगाला मर्यादा असते. लाटण्याच्या मुठी रंगवता येतात. कणकेला टेकणारा भाग कोराच हवा. रवी आणि काठवट तर बहुधा बिनरंगीच. भातुकलीला हे बंधन नाही. तिथे चितारी मोकळा होतो.

५/ या चितारींना राजाश्रय लाभला. तिसरे खेम सावंत (राज्यकाल १७५५–१८०३) यांच्या काळात सावंतवाडीत कलांना उत्तेजन मिळाले. येथील दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहे : दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी एकूण १२० गोल पाने. ती ठेवण्याची रंगीत डबी पुन्हा लाकडाचीच.

६/ छापील पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफेची मागणी आटली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विद्या वृद्ध पुंडलिक चितारी यांच्या हाती उरली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली. पुढे राजवाड्यातच कारागीर गंजिफा आणि लाखेच्या लाकडी वस्तू रंगवू लागले.

७/ या पुनरुज्जीवनाच्या कथेत राजघराण्याचे नाव येते, एका चितारीचेही येते. ज्याने लाकूड कातले, तो निनावीच राहतो. दप्तरात आश्रयदात्याची नोंद होते, चित्रावर डोळा ठरतो. आकार मात्र आयता मिळाल्यासारखा गृहीत धरला जातो.

८/ म्हणून अशी वस्तू हाती आली, तर ती उलटी करून पाहावी. चरकावर घडवलेल्या वस्तूच्या बिनरंगी तळावर हत्याराच्या गोल रेषा अनेकदा दिसतात. कातारीने मागे ठेवलेली नोंद तेवढीच.